विमान बघायची रियायत

विमान बघायला जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं निम्मं, अशी पाटी चुडाव्याच्या स्टेशनात लागली तेव्हा सगळं गाव हसलं. निजामाच्या राज्यात आम्हाला बैलगाडीचा रस्ता धड मिळेना, आणि म्हणे विमान बघा! पाटी उर्दूत होती. स्टेशनमास्तर व्यंकटराव येईल त्याला ती मराठीत समजावून सांगायचे. रियायत, म्हणजे सवलत, उन्हाळ्यापुरती. सिकंदराबादेला उतरून बेगमपेठेच्या विमानतळावर जायचं आणि तिथल्या फाटकावर तिकिटावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर परतीचं तिकीट बाद.

हसला नाही तो एकटा आश्रुबा. तीनदा त्यानं पाटी ऐकून घेतली.

त्याची एकुलती एक लेक मनकर्णा सिकंदराबादेत दिलेली होती. जावई मालधक्क्यावर कामाला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण पाळणा हलला नव्हता. आणि आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. म्हणून आश्रुबा आणि त्याची बायको कडूबाई तिच्या दारी एकदाही गेले नव्हते. मनकर्णा पहिली चार वर्षं पंचमीला माहेरी आली. पण आमच्या गावच्या बायका! झोका राहिला बाजूला, तिच्या पोटाकडं बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पाचव्या वर्षी तिनं निरोप धाडला, यंदा जमत नाही. पुढं कधीच जमलं नाही. ज्यानं ही रीत घातली त्याला लेक नसावी, असं मला आजही वाटतं.

कडूबाई दर उन्हाळ्यात नदीकाठचा वाळा आणून माठात टाकायची आणि त्यातली एक जुडी गाडीच्या गार्डाच्या हाती लेकीला पाठवायची. मनकर्णाला लहानपणापासून वाळ्याशिवाय पाणी गोड लागत नसे. गेल्या चार वर्षांत मायलेकींचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

"विमानतळ काई कुणाचं घर न्हाई," त्या दिवशी आश्रुबा बायकोला म्हणाला. "तितं लेक भेटली तर कुणाचं काय जातंय?"

कडूबाईच्या हातातली परात तशीच राहिली. "मी बी येऊ?"

"दोघं गेलो तर गाव म्हनंल, लेकीकडं चाललेत. मी येकटा गेलो तर म्हनतील, म्हाताऱ्याला याड लागलंय. त्ये बरं."

व्यंकटरावांनी लेकीला पत्र लिहून दिलं. रविवारी सकाळी फाटकावर ये, एवढंच. कडूबाईनं भाकऱ्या, ठेचा आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून पाणी बांधून दिलं. लेकीच्या हातचं काही पोटात जायला नको, एवढी तयारी करून आश्रुबा गाडीत बसला. डब्यात लोकांनी विचारलं, कुठं? तो म्हणाला, विमान बघायला. लोकांनी त्याला खिडकीजवळची जागा दिली. शहाण्यानं वेड्याशी वाद घालू नये, म्हणून असेल.

बेगमपेठेला पोचला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. एवढी मोकळी जमीन त्यानं जन्मात पाहिली नव्हती. ना बांध, ना पीक, नुसतं पिवळं गवत, आणि दूर एका खांबावर वाऱ्यानं फुगलेली कापडाची लांब बाही. जमिनीवरून वाफ उठत होती. त्या वाफेत पलीकडची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती, माणसं मध्येच विरघळत होती आणि पुन्हा दिसत होती. आश्रुबाला वाटलं, आपण गाडीतच झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय. त्यानं शिक्का मारून घेतला. मग त्या वाफेतूनच एक हिरवं लुगडं चालत आलं.

"आबा," मनकर्णा म्हणाली.

तिच्या कानाजवळ दोन केस पांढरे झाले होते. आश्रुबाला रडू फुटलं. त्यानं ते लपवलं नाही.

लिंबाखाली बसून दोघं भाकरी जेवले. आईच्या हातचा ठेचा मनकर्णानं बोटं चाटून खाल्ला. आश्रुबानं म्हशीचं सांगितलं, बोरीला लागलेल्या किडीचं सांगितलं. मुलाबाळाचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. वेळ कुठं जात होता कळत नव्हतं. दूर चांदीच्या रंगाचं विमान उन्हात निवांत बसलं होतं. त्यालाही जायची घाई दिसत नव्हती.

पण ठेच्यानं घसा पेटला आणि तांब्या तर गाडीतच संपला होता.

"नळ हाय की तितं, सरकारी," मनकर्णा पटकन म्हणाली. "सरकारचं पानी प्यायला कशाची रीत?"

नळापाशी ही गर्दी होती. मनकर्णा मात्र तांब्या घेऊन नळाकडं न जाता पत्र्याच्या शेडमागं वळली आणि लगेच परत आली. आश्रुबानं तांब्या तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि थांबला.

पाणी गार होतं. वैशाखात नळाचं पाणी गार नसतं. आणि त्याला वाळ्याचा वास होता.

त्यानं लेकीकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. मान वर करून आभाळाकडं बघत होती, आणि लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरून बसली होती. आठ वर्षं तिच्या घरचं पाणी तिच्या माणसांनी नाकारलं होतं.

तेवढ्यात घरघर झाली, लोक ओरडले, विमान गवतावरून पळत सुटलं आणि जमीन सोडून वर गेलं. सगळ्या माणसांच्या माना वर झाल्या. आश्रुबाची मानही वर झाली, पण डोळे मिटलेले आणि तांब्या तोंडाला. त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. आपणच जमिनीवरून उचलले गेलो, असं त्याला वाटलं.

"सरकारचं पानी लय गोड हाय," तो म्हणाला. "आनखी भर. तुझ्या मायला नेतो."

मनकर्णा तांब्या घेऊन पळाली. लहानपणी पळायची तशी.

गावात आल्यावर लोकांनी त्याला पारावर घेरलं. त्यानं विमानाविषयी तासभर सांगितलं, त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. घरी येऊन त्यानं तांब्या कडूबाईपुढं ठेवला.

"सरकारी नळाचं हाय. लेकीनं भरून देलंय."

कडूबाईनं फिरकी काढली. वास आला. "अवं, सरकार नळात वाळा घालतंय व्हय?"

आश्रुबा म्हशीला वैरण टाकायला उठला. कडूबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती ते शिळं पाणी प्यायली, थांबत थांबत, पुरवून.

पाऊसकाळ आला तशी रियायत संपली, पाटी निघाली. त्यानंतरच्या आठवड्यात कडूबाई एकटीच स्टेशनात आली आणि तिनं सिकंदराबादेचं तिकीट मागितलं.

"आता पूर्ण भाडं पडतंय, कडूबाई," व्यंकटराव म्हणाले. "विमान बघायची रियायत बंद झाली."

"विमान कुनाला बघायचंय?" कडूबाई म्हणाली. आवाज मुद्दाम मोठा होता, फलाटावरच्या बायकांना ऐकू जाईल एवढा. "मी लेकीच्या घरी पानी प्यायला चाललेय."