व्हर्नाचा केक

कारखान्याच्या आवारात मंडळी जमली आणि गॉर्डन ट्वाइट मनातून सुखावला. बायका काळ्या झग्यांत, पुरुष काळ्या कोटांत, तेही जुलैच्या उन्हात! "वा, आज नटून आलेत!" तो स्वतःशीच म्हणाला. इतके दिवस तोंडं वाकडी होती सगळ्यांची. नदीपलीकडे याच्यासारखाच खिडक्यांचा नवा कारखाना उघडला होता, आणि तिकडून रोज कुणाला ना कुणाला नोकरीचं बोलावणं येत होतं. माणसं गेली तर वडिलांनी उभा केलेला हा कारखाना बंदच पडायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर आजची मेजवानी. वर्षातून एकदा मालकाने एप्रन बांधून कामगारांना बर्गर भाजून वाढायचे, ही वडिलांची पद्धत. वडील प्रत्येकाचं नाव घेऊन बर्गर द्यायचे. गॉर्डनला एवढी नावं कुठली येणार! पण यंदा कुणी दांडी मारू नये म्हणून त्याने दम भरला होता: "शनिवारी दहाला जो येणार नाही, त्याने सोमवारीही येऊ नये."

आणि एक गंमतही होती. ती त्याने कुणालाच कळू दिली नव्हती. काल फ्लोरिडाहून परतताना शेजारच्या गावातून त्याने भलामोठा केक आणला होता. सगळ्यांत जुनी कामगार कोण, ते संगणकावर पाहून तिचं नाव त्यावर घातलं होतं.

अकराच्या सुमारास त्याने माइक हातात घेतला. "यंदाचा मान जातोय आपल्या लाडक्या व्हर्ना ओल्मस्टेडला! ये गं व्हर्ना, लाजू नकोस!"

कुणी टाळी वाजवली नाही. मागे एक बाई तोंडावर हात दाबून रडायला लागली.

"अरे, कुठाय ती? आली नाही की काय?"

पाळीप्रमुख रोझली पुढे आली. गॉर्डन हाफपँटीत होता तेव्हापासून ती इथे होती. "गॉर्डन, माइक बंद कर."

"का? झालं काय?"

"व्हर्ना मंगळवारी गेली. हृदय बंद पडून."

गॉर्डनच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. "गेली? अगं, मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी फोन केला होता ना तुला! 'आम्हा सहा जणांना शनिवारी सकाळी सुट्टी हवी,' एवढं म्हणते न म्हणते तोच 'कुणालाही सुट्टी नाही' म्हणून तू फोन आपटलास. का हवी, ते तरी विचारायचं होतंस, बाबा."

तेव्हा कुठे त्याला त्या काळ्या कपड्यांचा अर्थ लागला. दुखवट्याचे होते ते.

"मग… अजून वेळ असेल. जा ना, सगळे जा! मीही येतो."

"आता कुठे जातोस? दहालाच पुरलं तिला." रोझलीचा आवाज फाटला. "आम्ही सहा जण खांदा देणार होतो. तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याने भाड्याची माणसं बोलावली, गॉर्डन. इतकी वर्षं आमच्या शेजारी उभी राहिली ती, आणि तिला भाडोत्र्यांनी उचललं! आणि आम्ही इथे तुझे बर्गर खायला!"

"रोझली, देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं गं…"

"तेच तर म्हणतेय मी."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून केकशेजारी ठेवलं. "सोमवारी येत नाही मी."

तिच्यामागे रांग लागली, दरवर्षी बर्गरसाठी लागायची तशीच. ताट मात्र कुणाच्याच हातात नव्हतं. एकेक जण पुढे येई, ओळखपत्र ठेवी आणि गाडीकडे चालू लागे. शेगडीवरचे बर्गर करपून धूर झाला होता, तरी गॉर्डन हलला नाही. टेबलावरच्या ओळखपत्रांवरचं एकेक नाव वाचून तो ते मोठ्याने उच्चारत होता.

"डेल… मार्गो… ऑगस्ट…"

आपलं नाव ऐकून एकानेही मागे वळून पाहिलं नाही.