कोणाची सुई

सोमवारी दुपारी लॅबमधली गर्दी ओसरली तशी तिने एक नवी कोरी सुई उघडली आणि स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. रक्ताचा टिपका आला. मग ती मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, सुई लागली."

मोठ्या बाई म्हणजे लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियन. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "धांदरट! सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होतीस तर हात विसरलीस होय गं? जा, धू आधी. मी फॉर्म काढते."

रुग्णाला टोचलेली सुई आपल्याला लागली, तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या, हा लॅबचा नियम. त्यात कोणी खोदून विचारत नाही. तिला नेमकं तेच हवं होतं. बहात्तरांतले त्रेचाळीस तास सरले होते.

शनिवारी संध्याकाळी लॅबची पार्टी होती. दीड वर्षात तिने दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. "आता तू मोकळी झालीस!" म्हणत सगळ्यांनी ग्लास भरला. तिसऱ्या ग्लासानंतर मशीन दुरुस्त करायला येणारा तो हसरा माणूस फारच हसरा वाटायला लागला. गाडीत त्याने विचारलं होतं, "तुझ्याकडे काही आहे का?" आणि तीच म्हणाली होती, "चालतंय रे!" रोज लोकांच्या हातात निरोधची पाकिटं ठेवून "यात लाजायचं काय?" म्हणणारी ती. चालतंय रे!

तेव्हापासून नवऱ्याला 'दाढेचं औषध चालू आहे' सांगून बाळाला बाटली, आणि स्वतःचं दूध बेसिनमध्ये. आताही ॲप्रनखाली ओल जाणवत होती.

"सुई कोणाची?" बाईंनी पेन उघडलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. समोरच्या यादीतलं पहिलं नाव तिच्या तोंडून निघून गेलं. दर महिन्याला शुगर तपासायला येणारे पेन्शनर काका.

"मग त्यांनाही बोलवावं लागेल. त्यांची तपासणी केल्याशिवाय कसं कळणार?" म्हणेपर्यंत बाईंनी फोन लावलासुद्धा.

अर्ध्या तासात काका हजर. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मागोमाग काकू. संमतीचा कागद काकूंनीच आधी वाचला, बोट फिरवत, मग पुन्हा पहिल्यापासून.

"ही तपासणी... यांची?"

"अगं, मी कुठे जाणार आहे? बाजारात जातो तेसुद्धा तुझी पिशवी घेऊन," काका हसायला गेले. काकू हसल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत राहिल्या, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नाही. काकांनी बाही वर केली. "घे पोरी. हिचा हात हलका आहे हो," ते बायकोला म्हणाले.

तिने ट्यूब खाली ठेवली.

"काका, बाही खाली करा. तुमची सुई मला लागलेली नाही. मी खोटं बोलले. काकू, यांचं काहीही नाही यात. सगळं माझं आहे."

काकूंनी नवऱ्याची बटणं सोडून नीट लावली आणि त्यांना घेऊन गेल्या. जाताना काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आतल्या खोलीत तिने बाईंना सगळं सांगितलं, फरशीकडे बघत.

"त्या म्हाताऱ्याला यात ओढलंस ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारी किती वाजता?"

"आठ असतील."

बाईंनी बोटांवर मोजलं. "वेळ आहे अजून. डॉक्टर आहेत, चल. मला सांगितलंस तसंच त्यांना सांगायचं. आणि पुढचे काही महिने नवऱ्याशीही निरोधशिवाय नाही; त्याच्यापासून हे झाकता येणार नाही, कळतंय ना?"

"बाळाचं दूध, बाई?"

"तेही त्यांनाच विचार. मनाने काही ठरवू नकोस. मनाने ठरवून काय झालं ते दिसतंयच."

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. मागे बाळाचं किरकिरणं. "बाटली घेतच नाहीये गं. तुझी दाढ कधी बरी होणार?"

तिने भिंतीला पाठ टेकली. ॲप्रन आता उघड उघड भिजला होता.

"दाढ दुखतच नव्हती," ती म्हणाली. "मी डॉक्टरांकडे जाऊन येते. त्याला खांद्यावर घेऊन फिरव तोवर. आल्यावर सांगते, पण तू मधे थांबवू नकोस मला. नाहीतर मी परत खोटं बोलेन."