शेंदराखालचे पंख

आमच्या घरात पुष्पाकाकू आणि माझे वडील एकमेकांशी कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं. आबा तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, आणि त्यानंही धाकट्या भावजयीच्या अंगाला हात लावायचा नाही, ही शेवगावजवळच्या आमच्या गावातली रीत. निरोप पोचवायला मी होते. दोघं एकाच ओसरीवर असायची. काकू म्हणायची, "बने, सांग तुझ्या बापाला, शेळीनं चारा सोडलाय." आबांना ते माझ्याइतकंच ऐकू यायचं. तरी मी सांगायचे. मग आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "तिला म्हनावं, ओवा चार." मी एम.एस्सी. झाले, संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले, तरी घरी आले की हे काम माझंच.

बांगलादेशाची लढाई संपल्यानंतरच्या शिमग्याला, म्हणजे बहात्तर साली, आबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नगरचे डॉक्टर उत्तमराव रविवारी घरी येणार होते. देव्हाऱ्यातला वीर साफ करायचा होता, आणि शेंदूर कसा काढायचा हे शिकलेल्या मुलीला ठाऊक असणार.

आमचा वीर म्हणजे गोरक्षकाका. घरातला पुरुष लढाईत गेला की त्याचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर घोडेस्वार ठोकलेला असतो, हातात तलवार. धुळवडीला त्याला वाजतगाजत मिरवून आणतात. पण गोरक्षकाका विमान चालवायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला त्याचं विमान गेलं ते परत आलं नाही. देह आला नाही, ट्रंकही आली नाही. घरात त्याची म्हणून एकच वस्तू होती, आणि खरं तर तीही त्याची नव्हती. लग्नानंतर मिळालेल्या एकुलत्या एका रजेत त्याने पुण्याला कॅम्पातल्या सोनाराकडून वैमानिकाचे चांदीचे पंख एका चांदीच्या पट्टीवर डाख लावून बसवून घेतले आणि ते कडं काकूच्या मनगटात घातलं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

तार आली तेव्हा तिच्या बांगड्या फोडल्या. कडं फुटण्यासारखं नव्हतं, म्हणून माझ्या आजीने, गोजरबाईने, ते ओढून काढलं. "माझं लेकरू एवढंच माघारी आलं," म्हणाली, आणि टाकाच्या जागी तेच देव्हाऱ्यात ठेवलं.

आजीचं दुःख मला समजतं. पुढचं समजत नाही. वीराला ओवाळायचं सवाष्णीने, मिरवायचं पुरुषाने. म्हणजे ज्या एका बाईच्या मापाचं ते कडं होतं, तिला सोडून घरातल्या सगळ्यांनी त्याला हात लावला. काकू धुळवडीला दाराआड उभी राहून आपलं कडं गल्लीतून नाचत जाताना बघायची. दर सणाला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लागायचा. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तेलाबरोबर तो हळूहळू घट्ट होतो आणि थरावर थर चढत जातात. माझ्या आठवणीत त्यावर पंख कधी दिसलेच नाहीत. एक केशरी ढेकूळ होतं, मधे भोक असलेलं.

डॉक्टर उत्तमराव मोटारीने आले. शांत, नीटनेटके गृहस्थ. सोबत लाकडाची चपटी पेटी होती. आत काळं मखमल, आणि त्यावर बायकांचे दागिने. साखळीचं एक ब्रेसलेट, त्याला अमेरिकन वैमानिकाचे पंख. इंग्रजी बनावटीची एक पिन, चकाकत्या शिंपल्यावर बारीक सोन्याचे पंख. एका कड्यावरचे पंख ओबडधोबड होते, ते कलकत्त्याच्या कुण्या सोनाराने हाताने केलेले. विमानाच्या खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून कापलेलं एक बदामही होतं, त्यात पंख रुतवलेले. डॉक्टर प्रत्येक वस्तू रुमालाने धरून उचलत होते.

"लढाईवर निघालेला वैमानिक आपले पंख बायकोला देई, नाहीतर मैत्रिणीला," ते म्हणाले. "मी हे पुण्याच्या जुन्या बाजारातून, गोऱ्यांच्या लिलावांतून जमवलं. आता एवढा विजय झालाय, तर नगरला प्रदर्शन मांडायचंय. पण आपल्या माणसाचं एकही माझ्याकडे नव्हतं."

काकू चहा घेऊन आली. पदर पुढे ओढलेला. पेटीसमोर ती थांबली. कलकत्त्याच्या कड्याच्या मागे इंग्रजीत नाव कोरलेलं होतं. डॉक्टरांनी वाचून दाखवलं, "पेगी."

"बने, त्यांना इचार, कोन ही?"

"कळायला मार्ग नाही," डॉक्टर मलाच म्हणाले.

"मेली का?"

"तेही माहीत नाही."

"मंग जिती असंल तर काढून कुनी घेतलं, इचार," काकू म्हणाली आणि कप ठेवून आत गेली. डॉक्टर हसले. गावाकडच्या बायका मोठ्या मजेशीर असतात, असा तो हसण्याचा प्रकार होता. आबाही हसले. मला हसू आलं नाही.

मग आबांनी सौदा सांगितला. डॉक्टरांनी कड्याच्या बदल्यात नवा टाक घडवून आणला होता, शुद्ध चांदीचा, सुबक. त्यांनी टाकाभोवतीचा कागद उलगडला. घोड्यावर बसलेला, फेटा बांधलेला, गलमिशांचा वीर.

माझी आई, चांगुणा, पुढे वाकून बघायला लागली. "अगं बया, ह्याला तर मिशा हायेत. गोरक्षभावजींना धड मिसरूड फुटलं नव्हतं."

दाराआडून आवाज आला, "बने, सांग तुझ्या बापाला, ते घोड्याला भ्यायचे."

"तिला म्हनावं," आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "वीर घोड्यावरच असतो. प्रदर्शनात आपल्या घराण्याचं नाव लागनार हाय. देवाचा कौल घेऊन मगच देतोय मी."

कौल घेतला. ढेकळाच्या दोन बाजूंना जास्वंदाच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या. उजवी आधी गळून पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आबांनी डावी पाकळी तांब्यात बुडवून तशीच ओली लावली. उजवी बुडवली, दोनदा झटकली आणि तेलकट जागेवर नुसती टेकवली. शेंदराच्या तेलकट थरावर पाणी धरत नाही, आणि अर्धी कोरडी पाकळी किती वेळ टिकणार, हे सांगायला देव लागत नाही. वर्गातल्या पोरांना मी हेच शिकवते. आबांनी हात जोडले, डोळे मिटले. उजवी पडली.

रागाने मी आबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लबाडी करताना माणूस डोळे मिटतो तेव्हा ते इतरांना फसवण्यासाठी नसतं, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि राग आणखी वाढला. त्यांना स्वतःलाही बघायचं नव्हतं.

"देवाला इचारलं ना?" दाराआडून काकू. "बरं झालं. आता मला इचारा म्हनावं. मी ह्या घरात भाकरी थापते, मेलेली न्हाई."

"तिला म्हनावं, देवाच्या वस्तूत बायकांचं काय?"

"त्याच्या मागं नाव कोरल्यालं हाय. तुझ्या आजीनं शेंदूर थापून बुजवलं. सांग त्यांना."

 डॉक्टरांनी कान टवकारले. "नाव आहे? बघू. बाई, शेंदूर तेवढा काढा, पण चांदीचा काळेपणा राहू द्या. घासू नका. जुनेपण गेलं तर वस्तू मेली."

माणूस आपल्या विषयात पक्का होता, हे मला मान्य करावंच लागलं. मी तीळतेल कोमट करून ढेकूळ त्यात बुडवलं, मग रॉकेलच्या फडक्याने थर सैल करत गेले. लाकडाच्या काडीने एकेक पापुद्रा सुटला. पुढची बाजू मी मुद्दाम तशीच ठेवली. आधी पाठ उघडली. काळ्या चांदीवर देवनागरीत, वळणदार, जरा तिरकं: पुष्पा.

मला वाटलं, आता संपलं. आता कोणी काही बोलणार नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले. आवाज चढला होता. "वा! देवनागरी! आबासाहेब, मी इतकी वर्षं जमवतोय, पण हे मी पाहिलेलं नाही. याने तर याची किंमतच बदलते. नाव नसलेली वस्तू आणि ही... कोण ह्या पुष्पा?"

आबा म्हणाले, "हुती घरातली एक."

होती. मी हातातली काडी खाली ठेवली, कारण ती मोडत होती.

"म्हणजे आता हयात नाहीत?" डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

 'हाय' एवढा एकच शब्द बोलायचा होता, तोही आबा बोलले नाहीत. मी आबांना वाईट माणूस समजत नव्हते. त्यांनी मला शिकवलं, गावाचं ऐकलं नाही, वसतिगृहात मला भेटायला एसटीने डबा घेऊन यायचे. तोच माणूस पाहुण्यासमोर आपली भावजय मारून टाकत होता, कारण जिवंत असती तर विचारावं लागलं असतं.

"हयात आहेत," मी म्हणाले. "तुम्ही त्यांच्याच हातचा चहा प्यालात."

काकू बाहेर आली. ओसरीच्या मधोमध, उजेडात. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. तिने माझ्या हातातून कडं घेतलं, लुगड्याच्या सोग्याला पुसलं आणि मागचं अक्षर अंगठ्याने चाचपलं. तिला वाचता येत नव्हतं. कुठे काय लिहिलंय हे तिच्या अंगठ्याला माहीत होतं.

"बनू, तिला सांग, ते खाली ठेव आन आत जा."

"तुम्हीच सांगा आबा. ती इथंच उभी आहे."

"बनू!"

"मी आता कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. तुमच्यामधे हातभर जागा आहे. बोला."

आबांचं तोंड उघडलं, पण भावजयीशी बोलायची सवय त्या तोंडाला नव्हती. ते उठले, एक पाऊल पुढे आले आणि थांबले. काकूने हात मागे घेतला नाही. उलट कडं धरलेला हात तिने त्यांच्यासमोर सरळ केला. घ्यायचं असेल तर तिच्या हाताला हात लावावा लागणार होता. ओसरीत डॉक्टर होते, मी होते, दारातून शेजारची लंकाबाई बघत होती. आबा जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर मला इथून दिसत होती.

"चांगुणे, काढून घे ते."

आई हातातलं सूप आपटून म्हणाली, "माझी अंघोळ न्हाई झाली. देवाला हात कसा लावू? आन तुम्हीच तर कौल घेतला. देव गेला म्हना त्यातनं आता, ऱ्हायली ती नुसती चांदी. जिची तिनं घेतली."

लंकाबाई दारात खुदकन हसली आणि तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. पेटी मिटली, तिची कडी नीट लावली. ते रागावले नव्हते. मला म्हणाले, आणि मृदू आवाजात म्हणाले, "राहू द्या. त्यांची भावना मी समजतो. फक्त एक करा. म्हणजे, त्यांच्यानंतर... तेव्हा मला कळवाल का? अशी वस्तू कुठेतरी आटवायला जाऊ नये."

मला त्या नीटनेटक्या माणसाच्या अंगावर रॉकेलचं फडकं फेकावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही तरी फेकावंसं वाटलं. मी उत्तर शोधत होते, नेहमीप्रमाणे अचूक शब्द, आणि तेवढ्यात काकूने त्यांच्याकडे तोंड केलं.

"डाक्टर, माझ्या सरनावर येईल ते माझ्याबरं. निखारे निवले की राखंत हात घाला. भेटंल तुम्हाला."

डॉक्टर नमस्कार करून निघाले. मोटारीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. आबा अजून उभेच होते. त्यांच्या पायांपाशी तो मिशाळ घोडेस्वार कागदावर पडला होता.

काकू माझ्यासमोर खाली बसली, कडं माझ्या हातात दिलं आणि डावा हात पुढे केला. कड्याला एका बाजूला बिजागरी होती, दुसऱ्या बाजूला खिटी. एका हाताने ते मनगटात बसवता येत नाही, दुसरं कुणी तरी लागतं. बिजागरीतला शेंदूर काडीने उकरून मी तेलाचा थेंब सोडला. ती कुरकुरत उघडली. पण मनगट सतराव्या वर्षाचं नव्हतं. खुरपणीने, जात्याने, पाणी शेंदून ते जाड झालं होतं. पट्टीची दोन टोकं एकमेकांना पोचेनात.

"बसत नाही काकू. सोनाराकडून मधे तुकडा घालून घेऊ."

"सोनार नको. देवही नको. तू दाब."

मी दाबलं. चांदी नरम असते, जरा वाकली. पट्टीच्या कडेखाली कातडी चिमटीत सापडली आणि पांढरी पडली. खिटी भोकाच्या तोंडाशी आली आणि निसटली.

"लागतंय?"

"लागू दे. आनखी दाब."

मी दोन्ही हातांनी, जीव खाऊन, आणखी दाबलं.