लिडियाच्या लुगड्याची चिंधी

मी लिडियाच्या लुगड्याची चिंधी बोलतेय. अंगाला पेट्रोलचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. एके काळी मी लाल चौकड्यांच्या तोऱ्यात रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायची. आमच्या सांडोर गावच्या केळीच्या बागांतून जाताना माझा काठ दवाने भिजायचा. अजून कधी कधी वाटतं, आपण त्याच वाटेवर आहोत.

लिडिया गेली. तिच्या सुनेने, क्लाराने, चांगली लुगडी कपाटात ठेवली आणि विरलेल्याच्या चिंध्या केल्या. मी लिडियाच्या मुलाच्या, प्लासिडच्या खिशात आले. तो बागेतली केळी बाजारात पोचवायचा आणि आपला पेट्रोलचा छोटा ट्रक स्वतःच दुरुस्त करायचा.

पेट्रोल भारी लबाड. इंजिन थांबलं तरी पाइपात दाबाने दडून बसतं. म्हणून प्लासिड आधी टाकीचं झाकण उघडायचा. मग चालू इंजिनातच पेट्रोलपंपाचा फ्यूज काढायचा. पाइपातलं उरलंसुरलं पिऊन इंजिन आपसूक बंद पडायचं. मग बॅटरीची तार सोडवायची, पाइपाच्या जोडावर मला गुंडाळायचं आणि पाना हळूहळू फिरवायचा. इंजिन निजायचं तशी सगळी वाडीच पेंगुळल्यासारखी वाटायची. मला ती शांतता फार आवडायची.

त्या दिवशी लिडियाला जाऊन वर्ष झालं, तिचा वर्षदिन होता. ट्रकचा पेट्रोल फिल्टर बदलायचा होता. प्लासिडने फ्यूज ओढला आणि त्याच क्षणी चर्चची बाराची घंटा झाली. लहानपणापासूनच्या सवयीने त्याचा हात चावीकडे गेला. प्रार्थनेच्या वेळी इंजिन धडधडत ठेवायचं नाही, ही आईची शिकवण. मी खिशात होते, चावी फिरलेली मला ऐकू आली.

आमेन म्हणून तो परतला तेव्हा फ्यूज निघालेला होता आणि इंजिन गप्प होतं. त्याला वाटलं, झालं काम, पाइप रिकामा. चार पावलांवर दारातल्या क्रूसापाशी क्लाराने सासूच्या नावाची मेणबत्ती लावली होती. त्याने मला जोडावर गुंडाळलं तेव्हा मला ओरडायचं होतं, पण चिंधीला तोंड कुठून येणार?

पाना जेमतेम हलला आणि पेट्रोल सण्णकन माझ्यावर आदळलं. मी होते म्हणून ते त्याच्या डोळ्यांत गेलं नाही. त्याने जोड घट्ट आवळला. मी ओलीचिंब, निथळत होते.

“क्लारा, आधी ती मेणबत्ती विझव,” तो अगदी हळू बोलला.

तिने लगेच दोन बोटांनी ज्योत चिमटली. मग म्हणाली, “इंजिन आपोआप बंद पडलं, का तू चावीने बंद केलं?”

“चावीने. घंटा झाली ना.”

तो पायरीवर बसला. मला तो लिडियाच्या पदराला धरून चालणारा पोर वाटला.

ट्रक दोन दिवस तसाच उघड्यावर राहिला. क्लाराने मला तीनदा धुतलं, वाळवलं. तिसऱ्या दिवशी फिल्टरचं काम पुन्हा काढलं आणि इंजिन चालू असतानाच पुन्हा बाराची घंटा झाली. प्लासिडचा हात चावीकडे गेला. क्लाराने नुसती नकाराची मान हलवली. दोघांनी त्या धडधडाटातच प्रार्थना म्हटली. आमेननंतर त्याने फ्यूज काढला, तरी दोघं हात जोडून तशीच उभी राहिली. इंजिन दोनदा अडखळलं आणि स्वतःच थांबलं.

माझ्या वाट्याला या वेळी चारच थेंब आले.

आता मी फार विरलेय, पुढच्या खेपेला दुसरी चिंधी घ्या. फक्त इंजिन कसं थांबलं, ते एकदा विचारत जा. संध्याकाळी हात धुऊन प्लासिडनेच आईची ती अर्धी मेणबत्ती लावली. मी लांब, वाळणाच्या तारेवरून ती पाहत होते.