धुराची खिडकी

दीप्तीला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि बाजेखाली शेकासाठी पेटवलेल्या शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, धुरानं घरातल्या सगळ्यांचे डोळे लाल झाले होते. बाळसुद्धा खोकायचं. शेक तर द्यायलाच हवा. मग तिच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, तो कामाला होता त्या फौंड्रीतून पिशवीभर कोक, भट्टीत जाळायचा भाजलेला दगडी कोळसा, आणला. नुसती धग, धुराचा मागमूस नाही. गडमुडशिंगी गावात एवढं शहाणपण आपल्यालाच सुचलं, या फुशारकीत तो होता.

"आये, बारा वाजता न्हाणं झालं की अंगणात शेगडीत पेटव, लाल झाला की आत ने," त्यानं शेवंताबाईंना सांगितलं. धूरच नाही तर खिडकी कशाला उघडी ठेवायची? डिसेंबरचा गारठा येऊ नये म्हणून त्यानं खिडकीत जुनं लुगडं गच्च कोंबलं आणि कामावर गेला.

दुपारी भट्टीच्या तोंडाशी एक कामगार उभ्याउभ्या कोसळला. आकाराम, तिथला सर्वांत जुना माणूस, त्याला ओढत मोकळ्यावर घेऊन आला.

"कोकचा गॅस लागला," तो म्हणाला. "त्येला वास न्हाय, रंग न्हाय. माणूस झोपल्यागत जातोय."

प्रसेनजीतनं त्याचा दंड धरला. "घरात, शेगडीत जाळला तर, मामा?"

"शेगडीत काय न् भट्टीत काय, कोक त्योच की. का रं?"

घड्याळात पाऊण वाजला होता. प्रसेनजीतनं सायकल काढली. चार मैलांत त्यानं एकदाही ब्रेकला हात लावला नाही. स्वतःला शिव्या घालायलासुद्धा त्याच्याकडं दम उरला नव्हता.

दाराला आतून कडी होती. हाका मारल्या, आतून कुणी ओ देईना. त्यानं खिडकीतलं लुगडं उपसून फेकलं आणि दारावर खांदा घातला. तिसऱ्या धक्क्याला कडी तुटली. शेवंताबाई बाजेच्या पायाशी कलंडल्या होत्या. त्यानं आधी बाळ उचललं, आवाजानं धावत आलेल्या शेजारच्या झुंबरबाईंच्या हातात दिलं, मग दीप्तीला आणि आईला अंगणात ओढून आणलं.

बाळ गप्प होतं. झुंबरबाईंनी तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, पुन्हा टिचक्या मारल्या. कितीतरी वेळानं बारीकसं रडं फुटलं. दीप्ती ओकली. शेवंताबाईंनी डोळे उघडले.

"धूर न्हवता की रं," त्या पुटपुटल्या, चूक त्यांचीच असल्यासारखं. प्रसेनजीतला त्यांच्याकडं बघवेना.

दोन दिवसांनी सगळी दवाखान्यातून घरी आली. बाजेखाली पुन्हा शेणी पेटल्या, खिडकी सताड उघडी राहिली. घर धुरानं भरलं. प्रसेनजीत उंबऱ्यावर बसून होता. आतून कुणी खोकलं की त्याला बरं वाटत होतं.