स्वल्प वेग

आश्लेषाअक्काच्या चित्रफितीतले शेवटचे दृश्य कनकांबराच्या, म्हणजे अबोलीच्या फुलांच्या, राशीचे होते. चामराजपेटेतल्या आमच्या घरापासून फुलांचा बाजार जवळच; तिथली पहाट तिने दोन वर्षे, रविवारी रविवारी, संगणकावर उभी केली होती. प्रत्येक पाकळीला स्वतःची सावली होती. बाकीचे दिवस ती बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात झडपा तपासत असे. अॅनिमेशनच्या एका स्टुडिओने नवोदितांकडून फिती मागवल्या होत्या. निवड झाली तर तिचा कारखाना सुटणार होता. मुदत आज सायंकाळी सहाची. अपुरी फीत ते स्वीकारणार नव्हते.

सकाळी अंदाज घेतला, तेव्हा या दृश्याचे एकेक चित्र रंगवून त्याची पक्की फीत करायला लॅपटॉपला रात्र होईल असे दिसले.

"पाकळ्या अर्ध्या करू या का, अक्का?"

"मग उरतं काय रे? रिकामी टोपली?" ती म्हणाली. "त्यापेक्षा वेग वाढव की. तुला येतं ना ते?"

मला येत होते. ग्राफिक्स कार्डाचा वेग त्याच्या ठरल्या मर्यादेपलीकडे न्यायचा तो फार अदबीने. किंचित वाढवायचा, चाचणी लावायची, तापमान पाहायचे; पडद्यावर भलतेच रंगीत ठिपके उमटले की एक पायरी मागे यायचे. माणसांशीही मी असाच वागत आलो आहे. फक्त तिथे मी ठिपक्यांची वाट पाहत नाही, आधीच मागे येतो.

मी पंख्यातली धूळ ब्रशने काढली आणि खालून वारा मिळावा म्हणून लॅपटॉपची मागची बाजू दोन उपड्या वाट्यांवर टेकवली. अप्पा दारातून पाहत होते.

"काय रे प्रणीत, आता ह्याच्यावर इडल्या लावणार काय?"

"स्वल्प गप्प बसा हो अप्पा," अक्का म्हणाली. "चेष्टा सहानंतर करा."

तिसऱ्या पायरीवर हिरवे ठिपके आले. मी दुसरीवर परतलो, पुन्हा चाचणी घेतली आणि मग काम सुरू केले. पडद्यावरचा अंदाज साडेपाचवर येऊन थांबला. अक्काने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि किती दिवसांनी तरी गुणगुणत कॉफी करायला गेली.

दुपारी खोली तापली. अंदाज हळूहळू पुढे सरकू लागला: सहा, मग सात. माझ्या चाचण्या थोड्या वेळाच्या होत्या. पाकळ्यांचे काम तासन्‌तासांचे. एवढ्या पातळ देहातून उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि जळू नये म्हणून कार्ड आपला वेग आपणच कमी करत होते. अधिक मागितले म्हणून ते आता पूर्वीपेक्षाही कमी देत होते.

"अजून स्वल्प वाढव ना," अक्का म्हणाली.

"वाढवलं तर आणखी तापेल, अक्का. आणखी मंद होईल."

"मग कमी कर."

मी सारे मूळ जागी आणले. टेबलफॅन ओढून त्याच्याकडे वळवला. तापमान उतरले, गेलेली दुपार मात्र परत आली नाही.

सहा वाजता स्टुडिओच्या पानावरचे फीत पाठवायचे बटण करडे झाले. अक्काने ते एकदा दाबून पाहिले, मग पुन्हा एकदा. मला काही बोलायचे होते.

"बंद करू?" एवढेच मी विचारले.

"कशाला? होऊ दे त्याचं त्याचं. आता कुणाला घाई आहे?"

तिने कपाटातून कारखान्याचा निळा शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली. मी कार्डाचा वेग आणखी उतरवला. पंख्याची घरघर निवत गेली. पडद्यावर पाकळ्या एकेक करून उजळत होत्या, अगदी तिला हव्या होत्या तशा. तिने मान वर केली नाही.

"सकाळी मला उठव हं," शर्टाची कॉलर ताणत ती म्हणाली. "पहिली बस चुकायला नको."

"सरी, अक्का, उठवतो," मी म्हणालो.