डोझर बंद, पुरणपोळी चालू

मी बुलडोझर. चेनवाला. माझ्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून कोणी फारसं बोलत नाही. आज मीच बोलतो, तुम्ही ऐका. वजन मात्र विचारू नका, या वयात ते कोणी सांगत नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. कालवे खणले, घाटातले रस्ते काढले, एका खाणीत सहा वर्षं धूळ खाल्ली. मालक किती झाले ते आठवत नाही. प्रत्येक मालक घेताना म्हणायचा, जुनं ते सोनं. आणि तोच विकताना म्हणायचा, काय ते जुनं भंगार. माणसांचं हे मला अजून कळलेलं नाही.

फिरत फिरत मी साताऱ्यात विष्णुपंतांच्या जागेत येऊन पडलो. विष्णुपंत जुनी यंत्रं घेऊन विकत. त्यांनी मला एका बाभळीखाली उभं केलं आणि विसरून गेले. माझ्या सीटवर एक कुत्री व्याली. चार पिल्लं झाली. ती मोठी होऊन निघून गेली, मी तिथेच. भंगार कापणारा गॅसकटरवाला दर महिन्याला येऊन माझ्याभोवती फेरी मारून जायचा. त्याची ती नजर आठवली की अजून माझं डिझेल गोठतं.

आणि मग हंबीरराव आले. हे विट्याजवळच्या एका गावचे. सव्वीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. बायको मनुबाई गावी, हे तिकडे; भेट व्हायची दिवाळीला आणि जत्रेला. आता दुकान पुतण्यावर, राजवर्धनवर, सोपवून थोड्या दिवसांसाठी घरी आले होते, कारण कालव्याचं पाणी त्यांच्या माळापर्यंत पोचलं होतं. माळ सपाट करायचा, डाळिंब लावायचं आणि परत जायचं, असा बेत. भाड्याचं मशीन सांगितल्या दिवशी येत नाही हे खरं. पण दारात आपलं स्वतःचं यंत्र उभं असावं ही त्यांची हौस, हे जास्त खरं.

जुना डोझर घेताना काय बघावं हे मीच सांगतो, माझं आता काय बिघडतंय? इंजिन थंड असताना चालू करायला लावावं. चेन किती सैल आहे ते बघावं. दातेरी चाकाला दात आहेत का तेवढं तरी बघावं. हंबीररावांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी खिशातून कसोटीचा दगड काढला, माझा एक बोल्ट त्यावर घासला, रेघ उन्हात धरली, मग नखाने माझा रंग खरवडला आणि डोळे मिटून म्हणाले, माल चांगला हाय.

विष्णुपंतांनी आदल्याच दिवशी मला पिवळाधमक रंग दिला होता आणि गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर इंजिन चालवून गरम करून ठेवलं होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तो मी. पण जन्मभर पिवळ्याच्याच मागे असलेला माणूस, पिवळं दिसलं आणि भुलला. मला लाज वाटली. तरी बाभळीखालून सुटका होत होती, म्हणून गप्प बसलो.

ट्रेलरवर बसून निघालो. वाटेत रहिमतपूरच्या बाजारात गंमत झाली. मला बघून लोकांना वाटलं अतिक्रमण काढायला आले. पाच मिनिटांत दोन्ही बाजूंचे पत्रे आत गेले, बाकडी आत गेली, एक न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी खुर्चीसकट आत ओढून घेऊन गेला. रस्ता इतका रुंद त्या गावाने कधी बघितला नसेल. एवढा मान मला खाणीतही मिळाला नव्हता.

घर माळाच्या कडेलाच होतं. मनुबाईंनी ओवाळलं, माझ्या ब्लेडला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि एकच गोष्ट विचारली.

"आवं, ह्यानं माळ किती दिसांत सपाट हुईल?"

"दीड म्हैना. मग मी मोकळा. दुकानावर जातो."

मनुबाई खोबरं वाटून आत गेल्या. त्या दिवशी जेवायला पिठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. मी खोकलो, काळा धूर सोडला आणि बसलो. सगळा गाव बघायला जमला होता. बॅटरी जोडली, ओढून पाहिलं, शिव्या घातल्या. मी हललो नाही. हंबीररावांचं तोंड एवढंसं झालं. दुपारी घरातून वेलचीचा वास आला आणि मनुबाईंनी पुरणपोळ्यांचं ताट बाहेर आणलं.

मी आधी लक्ष दिलं नाही. पण पुढे बघत गेलो तर तेच. मी चालू झालो की पिठलं, बंद पडलो की पुरणपोळी. तेलाच्या नळीचा होज फुटला त्या दिवशी तर कटाची आमटीपण होती. मिरजेहून आलेला फिटर बिराप्पा, त्याच्याही हे ध्यानात आलं. अर्ध्या दिवसाच्या कामाला त्याला चार-चार दिवस लागायला लागले. महिन्याभरात त्याचं पोट सुटलं आणि माझ्याखाली त्याला सरकता येईना.

शेवटी हंबीररावच खाली सरकू लागले. या माणसाची एक खोड होती. सोनं गाळणारा दुकानातला केरही फेकत नाही, धुऊन त्यातली गुंज गुंज काढतो. ते माझ्या खालची माती संध्याकाळी चाळायचे. माझं काळं तेल जुन्या धोतरातून गाळायचे. लोक हसायचे. बिराप्पा म्हणत होता, इंजिन उतरवायला लागणार. हंबीररावांनी गाळलेला गाळ बोटावर घेतला, उन्हात फिरवला आणि म्हणाले, हे पितळ हाय, आतल्या कड्याचा बुश झिजतुया. उघडून बघितलं तर तसंच. चाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही माझं घोडं कुठे पेंड खातंय ते, आणि या माणसाने चिमूटभर गाळावरून सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. तेही माझे झाले असावेत, कारण रोज हातपाय धुवायच्या आधी माझ्यावरून हात फिरवायचे.

बुश बदलला. मग चेन उघडली आणि नव्या पिना घालायला काढल्या. त्यातली एक हातभर लांबीची, जड पिन नाहीशी झाली. ती पिन नसेल तर चेन जुळत नाही आणि मी जागचा हलत नाही. कोणी नेली ते मला माहीत होतं. हंबीरराव आणि बिराप्पा जेवायला गेले असताना मनुबाई आल्या, पिन पदराखाली घेतली आणि माझ्या ब्लेडवर हात ठेवून म्हणाल्या, "बाबा, जरा दमानं घे. सव्वीस वरसं झाली."

मी यंत्र आहे. पण बंद पडून राहायचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

हंबीररावांनी दोन दिवस सगळी माती चाळली. मग बिराप्पाला हळूच म्हणाले, "गुंजभर सोनं मला केरात घावतंय, आनि दोन किलोची पिन घावंना व्हय? जे मातीत न्हाई ते घरात असतंय." बिराप्पाने विचारलं, मग वहिनींना इचारू का? हंबीरराव म्हणाले, नको. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाळणी घेऊन बसले. आठ दिवस बसले. आठ दिवस पुरणपोळी झाली.

परवा राजवर्धनचा फोन आला. दुकानात एकट्याने रेटत नाही, काका, सोमवारी तरी निघा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मनुबाई तिथेच डाळ निवडत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि पिन आणून माझ्या ब्लेडवर ठेवली. चांगली घासूनपुसून, तेल लावून ठेवली होती.

"घ्या," त्या म्हणाल्या. "माळ उरका आनि जावा. मला एकटीनं ऱ्हायाची सवं हाय."

बिराप्पाने पिन ठोकली. मला चालू केलं आणि मी, गड्या, पहिल्या झटक्यात चालू झालो. न धूर, न खोकला. असा धडधडलो की पलीकडच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून पळाली. तिन्हीसांजेपर्यंत शेवटचा उंचवटा काढला. माळ तळहातासारखा सपाट झाला. मनुबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. इतकं चांगलं काम करून मला आयुष्यात कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. हंबीररावांनी मला बंद केलं नाही. माझ्या सीटवर बसूनच, माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडून ते बोलले.

"न्हाई रं येता येत. डोझर बंद पडलाय."

पलीकडून पुतण्याने काहीतरी विचारलं.

"आवाज? मिक्सर हाय. काकी चटणी वाटतीया."

पुतण्याने आणखी काहीतरी विचारलं असावं.

"कवा दुरुस्त हुईल काय सांगावं, राजवर्धन. लय जुनं मशीन हाय. तू माणूस बघ."

त्यांनी फोन खिशात टाकला. मनुबाई बांधावर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, आता ह्या येळंला डाळ कुठनं शिजवू? हंबीरराव म्हणाले, पिठलं कर, मला पिठलं आवडतंय.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुम्ही कधी विट्याकडे आलात तर माळावर मी दिसेन. डाळिंबाचे खड्डे झाले की शेजाऱ्यांचे बांध नीट करायचं काम हंबीररावांनी आतापासूनच घेऊन ठेवलंय. इंजिन ठणठणीत आहे, चेन घट्ट आहे. एवढी चांगली तब्येत असताना कोणी मला बंद पडलेला म्हणावं, हे माझ्या जिवाला फार लागतं. तरीही कोइमतूरहून कोणी तुम्हाला विचारलंच, तर सांगा: डोझर बंद आहे, काका त्याच्याखाली झोपलेत, कधी बाहेर येतील सांगता येत नाही.